समोरच्याला त्रास नको

१

डिपरकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे काकू. त्याही ते नाव फक्त भांडताना वापरायच्या. बाकी सगळ्यांना ते डिपरकाकाच.

वाहन तपासणी केंद्रात काकांच्या ताब्यात फक्त दिवे होते. ब्रेक बघणारा वेगळा, धूर बघणारा वेगळा. काकांच्या वाट्याला आली होती एक लांबोडकी, खिडकी नसलेली खोली आणि तिच्या टोकाला एक पांढरी भिंत. भिंतीवर काळ्या रंगाने आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या आणि भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर जमिनीत बसवलेली पितळी पट्टी. गाडीचं नाक पट्टीवर आलं की काका शटर ओढून अंधार करायचे आणि म्हणायचे, "हं, उघडा डोळे." हे ते गाडीला म्हणायचे. मालकाला वाटायचं, आपल्याला.

मग भिंतीवर उजेड पडायचा आणि काकांचं भाषण सुरू व्हायचं. "फॉग लाइट हा दागिना नाही. धुकं असेल तेव्हा लावायचा, उठलं की बंद करायचा. तो खाली बघतो, कारण त्याला खालीच बघायला शिकवलंय. तुम्ही त्याला वर बघायला लावलंत की समोरचा आंधळा होतो. मागचा लाल दिवा तर मागच्याच्या डोळ्यात बोट घातल्यासारखा. समोरच्याला त्रास नको, मागच्याला त्रास नको. एवढं जमलं की झाला माणूस."

एकदा म्हणे काकांनी हात दाखवून भर रस्त्यात बस थांबवली, चालकाच्या खिडकीशी जाऊन "दादा, धुकं तासाभरापूर्वी उठलं, तुमचा दिवा अजून झोपेतच आहे" असं सांगितलं, आणि बसमध्ये न चढता चालू लागले. प्रवासी हसले. चालक हसला नाही, पण दिवा बंद केला. काकांच्या दृष्टीने विषय संपला होता.

अशा माणसाच्या धाकट्या लेकीला, ठमीला, नोकरी लागली ती तलावापलीकडच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत. सकाळी सातला हजर राहून पाण्याचे नमुने तपासायचे. सहा महिने एकही दिवस उशीर झाला नाही तर कायम, नाहीतर घरी. त्या वेळेला तिकडे बस जात नाही. रस्ता तलावाच्या बांधावरून जातो आणि थंडीत बांधावर आठ-आठपर्यंत धुकं बसून असतं.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. जुनी. एका निवृत्त चित्रकलेच्या मास्तरांची. मास्तरांनी बोलणं फोनवरच आटोपलं, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली आणि गाडी बघायला आलेल्यांच्या पुढ्यातसुद्धा आले नाहीत. काकांना तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मास्तर फोनवर म्हणाले होते, "एक सांगतो. धुक्याचे दिवे लावत जाऊ नका. समोरच्याला त्रास होतो."

काकांना वाटलं, अखेर भेटला आपल्या जातकुळीचा माणूस.

२

शनिवारी दुपारी काकांनी गाडी आपल्या खोलीत घेतली.

"लेकीची गाडी आहे काका," शेजारच्या पट्टीवरून ब्रेकवाला ओरडला, "डोळे झाकून पास करा."

"डोळे झाकून पास करायचं खातं तुझं," काका म्हणाले. "माझं उघड्या डोळ्यांचं."

हेडलाइट चोख निघाले. पण खालचे फॉग लाइट काही लागेनात. काकांनी वाकून बघितलं तर दोन्ही काचांवर काळी टेप. नुसती एक पट्टी नाही. थरावर थर, कडा नखाने दाबून बसवलेल्या. फ्यूजच्या डबीत त्या दिव्यांचा फ्यूज काढलेला. त्रास नको म्हणून माणूस दिवा लावत नाही, हे काकांना समजत होतं. पण आधी फ्यूज काढून मग वर सहा थर टेप चिकटवायची, ही सभ्यता त्यांना जरा जास्तच वाटली.

त्यांनी टेप खरवडली, डबीच्या झाकणातला जादा फ्यूज बसवला, शटर ओढलं आणि बटण दाबलं.

भिंतीच्या पायथ्याशी पिवळा पट्टा पडला. रुंद, बुटका, वरची कड इस्त्री केल्यासारखी. काकांचा जीव सुखावला. आणि मग त्यांना त्या पट्ट्यात दोन काळ्या उभ्या काठ्या दिसल्या.

जमिनीपासून निघून, गुडघाभर उंच, पट्टा संपतो तिथे संपणाऱ्या. खालच्या टोकाला दोन्ही किंचित रुंद.

काचेवर घाण असेल म्हणून काकांनी काचा पुसल्या. काठ्या तशाच. डावा दिवा फडक्याने झाकला, मग उजवा झाकला. दोन्ही वेळा काठ्या होत्याच. तीस वर्षं भिंत वाचलेल्या माणसाला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते: दिव्याजवळ जे असतं त्याची सावली मोठी आणि पसरट पडते, भिंतीजवळ जे असतं त्याची लहान आणि रेखीव. या काठ्या रेखीव होत्या. म्हणजे हे जे काही होतं ते गाडीला चिकटलेलं नव्हतं. ते भिंतीपाशी होतं, जवळजवळ टेकून.

भिंतीपाशी काही नव्हतं.

"इकडे ये जरा," त्यांनी ब्रेकवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत बॅटरी कशाला जाळायची म्हणून सवयीने दिवा बंद केला. तो आला, तेव्हा पुन्हा लावला.

"ओल आहे," ब्रेकवाला म्हणाला.

"गेल्याच महिन्यात रंग दिलाय भिंतीला."

"मग रंगाची ओल आहे." त्याने खाली वाकून बघितलं. एका काठीच्या रुंदीवर बोटं आडवी धरून बघितली. मग म्हणाला, "काका, मघाशी बोलावलंत तेव्हा किती जाड होत्या?"

"एवढ्याच."

पण एवढ्याच नव्हत्या. काकांनी मघाशी कडेला खडूची खूण केली होती, आणि काठी आता खुणेच्या दोन बोटं बाहेर आली होती.

दिवा बंद केला, लावला. आणखी बाहेर. पुन्हा बंद केला, लावला. आणखी. दिवा लागलेला असताना मात्र ती सावली खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर. काका घड्याळ लावून पाच मिनिटं तिच्याकडे बघत राहिले. केसभरही हलली नाही.

मग ते स्वतः उजेडात गेले. आपल्या पायांची सावली त्या काठ्यांएवढी कुठे होते ते बघत एकेक पाऊल मागे आले. भिंतीपासून सात फुटांवर ती बरोबर जुळली. काकांनी मान वळवून भिंत बघितली. आपले दोन पाय आणि त्या दोन काठ्या, म्हणजे चार दिसायला हव्या होत्या.

दोनच दिसत होत्या. काका नेमके तिथे उभे होते.

वयाला न शोभणाऱ्या चपळाईने ते बाजूला झाले. भिंतीवर दोन काठ्या राहिल्या.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं. पण ब्रेकवाला आपल्या पट्टीवर परत गेला होता आणि समोर गाडी नसताना ब्रेक तपासायचं यंत्र पुसत होता.

३

शनिवारची रात्र काकांनी संशय घेण्यात घालवली. आधी ब्रेकवाल्याचा घेतला. त्याचा स्वभाव थट्टेखोर, त्यानेच भिंतीवर काहीतरी चोपडलं असेल. मग चष्म्याचा. मग मास्तरांचा. चित्रकलेचा माणूस, दिव्याच्या काचेत आतून काहीतरी रंगवून ठेवलं असेल. पण रंगवलेली गोष्ट पावलं टाकत नाही, इथे येऊन प्रत्येक संशय अडकायचा.

रविवारी उजाडता उजाडता त्यांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीसमोर लावली. मोजपट्टीने पंचवीस फूट मोजले. काल स्वतः उभं राहून झालं होतं. आज त्यांनी दोन झाडू बादलीत उभे केले आणि बादली पुढे-मागे सरकवून सावली जुळवायला घेतली.

पहिल्या मजल्यावरच्या बाई दूध घ्यायला खाली आल्या होत्या. "काका, दोन-दोन झाडू? पार्किंगचं भाग्य उजळलं म्हणायचं."

"उजळायचंच काम चाललंय," काका बादली सरकवत म्हणाले.

झाडू जुळले तिथपासून भिंत नऊ फूट निघाली. काल शेवटी सात होते, आणि त्यानंतर गाडी बाहेर काढताना दिवा एकदाच बंद झाला होता. काकांनी छातीवर दगड ठेवून अजून एकदा बंद केला, लावला. अकरा.

दर बंदला दोन फूट. पाऊलभर.

आता काका मोठ्या पेचात सापडले. दिवा लागलेला होता तोवर ते जिथल्या तिथे होतं. पण दिवा दिवसभर लागलेला ठेवता येत नाही, बॅटरी उतरते. आणि उतरली की दिवा आपोआप बंद होणारच. आयुष्यभर दुसऱ्यांना "बंद करा, बंद करा" सांगणारे डिपरकाका बटणावर बोट ठेवून पार्किंगमध्ये वीस मिनिटं बसून राहिले. शेवटी डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं, फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला आणि मनाशी हिशेब केला. अकरा आणि दोन तेरा. पंचवीसातून तेरा गेले, उरले बारा.

सहा पावलं.

४

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि मास्तरांच्या घरातला एकूण एक दिवा चालू होता.

वरचे दिवे होतेच. शिवाय प्रत्येक खोलीत जमिनीवर एक. टेबलावर ठेवायचे दिवे, पण टेबलावरून उतरवलेले, सगळ्यांची तोंडं दाराकडे. काका बसले त्या खुर्चीजवळ भिंतीत बटणांची पाटी होती. पाटीवर काळी टेप होती. थरावर थर, कडा नखाने दाबलेल्या. आत सगळी बटणं चालू स्थितीत दाबून बसवलेली असणार.

मास्तर बारीक चणीचे, अतिशय विनयशील. त्यांनी पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली. मग एकदम म्हणाले, "टेप काढलीत."

"लाइटवाला माणूस आहे मी. झाकलेला दिवा मला बघवत नाही. काय भानगड आहे ही?"

"कुठे दिसलं तुम्हाला? पहिल्यांदा?"

"भिंतीला टेकून."

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे मागे गेलं होतं. आठ महिने गाडी झाकून ठेवली होती, म्हणून." मग हळूच विचारलं, "त्यानंतर किती वेळा बंद केलेत?"

"सहा."

मास्तर बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

"मास्तर, मला गोलगोल नको. काय आहे ते?"

"मला ठाऊक असतं तर इथे उजेडात बसलो असतो का?" मास्तर म्हणाले. "मी फार मान द्यायचो हो समोरच्यांना. धुकं जरा विरळ झालं की बंद. पुन्हा दाट आलं की चालू. घाटात एका सकाळी वीस-वीस वेळा. मला वाटायचं, आपण किती सुसंस्कृत."

"मग विकलीत कशाला? आणि आम्हालाच?"

"तुमची कीर्ती ऐकून," मास्तर मनापासून म्हणाले. "म्हटलं, डिपरकाकांच्या घरात फॉग लाइट कोण लावतंय?"

काका उठले. दारात त्यांना चपला सापडेनात, म्हणून वाकले. जमिनीवरचा दिवा त्यांच्या पाठीशी होता आणि समोरच्या दारावर त्यांची सावली पडली होती. काकांनी तिचे पाय मोजायचं टाळलं.

"उजेड असला की ते काही करत नाही," मास्तर मागून म्हणाले, जणू घरातल्या कुत्र्याबद्दल पाहुण्याला सांगावं. "इथे येऊन मला आठ महिने झाले."

"तुम्हाला, की..."

मास्तरांनी नम्रपणे दार लावून घेतलं.

५

घरी आल्यावर काकांनी ठमीला सांगितलं, की उद्या रिक्षाने जा. ठमी म्हणाली, पहाटे सहाला तलावापलीकडे कुठला रिक्षावाला येणार? काकांनी सांगितलं, मी स्कूटरवरून सोडतो. काकू म्हणाल्या, "धुक्यात, तुमच्या त्या स्कूटरवर? पोरीला पहिल्याच दिवशी शेंबूड वाहत पाठवायचंय का?" काका खरं काय ते सांगणार होते. पण तोंडात आलेलं वाक्य असं होतं: गाडीच्या पुढे पाय आहेत. ते त्यांनी गिळलं. फ्यूज खिशात होता. फ्यूजशिवाय दिवा लागत नाही. एवढ्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"फॉग लाइट लावू नकोस," एवढंच म्हणाले.

"धुक्यात?" ठमी हसली. "बाबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

सोमवारी काका जागे झाले तेव्हा साडेसहा वाजत आले होते आणि ठमीचं अंथरूण रिकामं होतं.

"गेली," काकू म्हणाल्या. "अगदी तुमची लेक. निघायच्या आधी खाली एकेक दिवा लावून बघत होती. पिवळे लागेनात म्हणून झाकण उघडून काहीतरी खुटखुट केलं, मग लागले. बंद करून बघितले, परत लावून बघितले, आणि गेली."

काकांनी खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होता. जादा फ्यूज नसला तर डबीतला दुसऱ्या एखाद्या दिव्याचा फ्यूज काढून अडल्यावेळी चालवता येतो, हे ठमीला काकांनीच शिकवलं होतं.

त्यांनी फोन लावला. ठमीने उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही काकांनीच शिकवलं होतं.

उरली पाच.

६

बांधाच्या खालून शेतांच्या कडेने एक जुना रस्ता जातो. अंतर कमी, खड्डे जास्त. तो पलीकडच्या टोकाला चढ चढून बांधाला मिळतो. ठमीला मागून गाठणं जमण्यासारखं नव्हतं. काकांनी तिला पुढून गाठायचं ठरवलं आणि स्कूटर खालच्या रस्त्याला घातली.

धुकं सलग नव्हतं. ठिगळं लावल्यासारखं होतं. इथे दाट, पुढे पातळ, परत दाट. आणि वर, बांधाच्या कडेने, एक पिवळा उजेड संथपणे चालला होता. ठमी नियमाने वीसच्या वेगाने जात होती.

काका वर बघत खड्ड्यांतून स्कूटर हाकत होते. पिवळा उजेड विझला. धुकं पातळ झालं असणार. पुन्हा लागला. काका म्हणाले, "चार."

मग विझला. लागला. "तीन."

"नको गं," काका हेल्मेटच्या आत म्हणाले. "राहू दे. होऊ दे कुणाला त्रास." तीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

उजेड विझला. लागला. दोन. मग बराच वेळ लागलेला राहिला, आणि काकांनी चढाला स्कूटर घातली. चढावर असतानाच वरचा उजेड आणखी एकदा मिटून उघडला.

एक.

काका बांधावर आले आणि समोर तोंड करून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. शंभर पावलांवर दोन पिवळे दिवे येत होते. धुकं खाली साचलेलं, त्यामुळे उजेड जमिनीलगत पसरलेला. आणि त्या उजेडात, गाडीच्या नाकासमोर अगदी दोन फुटांवर, दोन काळे खांब होते. गाडीबरोबर येत होते, पण चालत नव्हते. नुसते उभे. गुडघ्याच्या वर धुक्याशिवाय काही नव्हतं.

टाचा काकांकडे होत्या. चवडे गाडीकडे.

काकांनी हात हलवले. आणि हात हलवताना त्यांना कळलं, की आपल्या स्कूटरचा दिवा चालू आहे. स्वच्छ, चोख, स्वतःच्या हाताने सेट केलेला, लांबूनही स्पष्ट दिसणारा दिवा. ठमीला ते लहानपणापासून एकच सांगत आले होते: समोरचा दिवा स्पष्ट दिसला की समजायचं धुकं विरळ झालं, मग आपला फॉग लाइट बंद.

त्यांनी बटणावर झडप घातली. स्कूटरचा दिवा विझला.

पिवळे दिवे त्याच्या आधी विझले होते.

एक क्षण फक्त हेडलाइटचा फिकट उजेड धुक्यात लोंबत राहिला. समोरचा दिवा नाहीसा झाला म्हणजे धुकं पुन्हा दाटलं, असं ठमीला वाटलं असणार. पिवळे दिवे परत लागले.

समोर काही नव्हतं. पट्टा जमिनीवर सपाट पडला होता, अखंड, काठी नाही, खांब नाही. गेलं, असं काकांना वाटलं. सुटकेने त्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. आणि तेवढ्यात त्यांचा तीस वर्षांचा धंदा त्यांच्या कानाशी बोलला: दिव्याच्या पुढे जे असतं त्याचीच सावली पडते. मागे गेलेल्याची पडत नाही.

गाडी शेजारून गेली. ठमीचं लक्ष रस्त्यावर होतं. अंधारातल्या स्कूटरकडे तिने बघितलं नाही. बंद काचेतून आवाज आला, टुंग, टुंग, टुंग, सीटबेल्टचा पट्टा न लावता कुणी बसलं की गाडी करते तसा. ठमी एका हाताने चालवत होती. दुसऱ्या हाताने ती शेजारच्या सीटवरून पट्टा ओढत होती.

खटकन लागला. टुंग थांबलं. मागचा लाल दिवा धुक्यात बारीक होत गेला.

काका ओरडले. स्कूटरला किक मारत राहिले, आणि ती सुरू होईपर्यंत खिशातला फोन वाजला. ठमीचा निरोप होता. "पोचले. सातला पाच कमी."

७

काका कामावर गेले नाहीत. दिवसभर ठमीच्या पाणी केंद्राच्या फाटकासमोर बसले, आणि पाचला ठमी बाहेर आली तेव्हा तिच्या गाडीपुढे स्कूटर ठेवून तिला घरापर्यंत आणलं. लख्ख ऊन होतं. एकही दिवा लागला नाही. ठमी सीटवर एकटी होती. काकांनी आरशात चाळीस वेळा बघितलं.

घरी काकूंचं डोकं दुखत होतं. त्या हॉलमधल्या कोचावर आडव्या होत्या, डोळ्यांवर हात घेऊन.

"प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई खूश आहेत माझ्यावर," ठमी हळू आवाजात सांगत होती. "पण बाबा, त्या मास्तरांनी गाडी जरा गळ्यातच मारलीय आपल्या. शेजारी कुणी नसताना ती पट्ट्याची घंटा वाजते. बांधावर तर डोकं उठवलं तिने. शेवटी रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला, तेव्हा गप्प बसली."

"आता कुठे आहे पट्टा?"

"लावलेलाच आहे. उद्या परत वाजेल म्हणून काढलाच नाही मी."

काका खाली गेले. अंधार पडायला लागला होता. गाडीचं दार त्यांनी उघडलं नाही. काचेतूनच टॉर्च मारला. शेजारच्या सीटचा पट्टा सुटून आपल्या जागी गुंडाळला गेला होता. आणि सीट पूर्ण मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसाने सरकवून घ्यावी तशी.

काका जिने धावत चढले. पाणी केंद्राच्या फाटकाजवळच्या दुकानातून घेतलेलं काळ्या टेपचं बंडल त्यांच्या खिशात सकाळपासून होतं. घरात शिरताना त्यांनी दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि वळले.

हॉलमधला दिवा काकूंसाठी बंदच होता. आतल्या बोळातला दिवा तेवढा चालू होता, आणि त्याचा उजेड हॉलभर पसरून दाराशेजारच्या भिंतीवर पडला होता. काका ज्या भिंतीला पाठ लावून उभे होते त्या भिंतीवर. त्यांनी हळूहळू मान खाली केली.

त्यांच्या पायांच्या बाजूला दोन उभ्या काठ्या होत्या. बारीक, रेखीव, गुडघाभर. भिंतीला टेकून.

"बटणाला हात लावू नका," काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनाच ऐकू आला नाही.

काकूंनी कुशीवर वळून डोळ्यांवरचा हात घट्ट केला आणि कण्हल्या. ठमी बोळाच्या तोंडाशी उभी होती. तिने आईकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि बापाकडे बघून समजूतदारपणे मान हलवली.

"डोळ्यावर येतोय ना तिच्या," ती कुजबुजली, आणि बटण दाबलं.

हॉल बारा फुटांचा होता. सहा पावलं. मधे कोच. काका मोजायला लागले.